हेडफोनची पुढची पायरी : पैसा नेमका कशासाठी मोजावा?

स्वित्झर्लंडमधील सोनोव्हा ही श्रवणयंत्रे बनविणारी कंपनी. सेनहायझर या नामांकित जर्मन कंपनीचा ग्राहकोपयोगी हेडफोनचा व्यवसाय तिने मार्च २०२२ मध्ये २० कोटी युरोंना ताब्यात घेतला. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतील एक नेहमीचा व्यवहार म्हणून त्याची नोंद झाली. तथापि त्यातील विरोधाभास लक्षणीय होता. संगीतातील सूक्ष्म तपशील ऐकविण्याचे आश्वासन देणारा हेडफोन आणि ऐकू येईनासे झाल्यावर कानात बसवावयाचे यंत्र, ही दोन्ही उत्पादने एकाच छत्राखाली आली. उंची हेडफोन घेणाऱ्या ग्राहकापुढील खरा पेचही हाच आहे. ज्या वयात असा हेडफोन परवडू लागतो, त्या वयात कानांची क्षमता उतरणीला लागलेली असते. अशा वेळी हाती असलेल्या चांगल्या हेडफोनच्या जागी त्याहून महागडा घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणत्या निकषावर, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

गेल्या दशकभरात या उद्योगाची मांडणीच बदलली आहे. ॲपलने २०१४ मध्ये बीट्स ही कंपनी ३ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जोडण्याची खाच काढून टाकली. इतर फोन कंपन्यांनीही यथावकाश तोच कित्ता गिरविला. सामान्य ग्राहक बिनतारी इअरबड्सकडे वळला. सोनीच्या गेमिंग विभागाने २०२३ मध्ये ऑडेझी ही अमेरिकन हेडफोन कंपनी घेतली. सॅमसंगच्या मालकीच्या हार्मनने २०२५ मध्ये डेनॉन, मरांट्झ, बोवर्स अँड विल्किन्स ही जुनी नावे एका व्यवहारात आपल्याकडे आणली. या साऱ्या उलथापालथीत तारेचा उंची हेडफोन मुख्य बाजारपेठेतून बाजूला पडून हौशी श्रोत्यांपुरता उरला. संख्येवर मिळणारा नफा आटला की तो किमतीतून मिळवावा लागतो. सेनहायझरने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या एचई १ या संचाची किंमत सुमारे ५० हजार युरो होती आणि त्याच्या ॲम्प्लिफायरचे कवच इटलीतील करारा येथील संगमरवराचे होते. श्रवणानंदाची वस्तू प्रतिष्ठेची वस्तू होऊ लागल्याची ती खूण होती.

या पार्श्वभूमीवर एक प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ मध्ये आणि त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा एचडी ६५० हा २००३ मध्ये बाजारात आला. मानवी आवाज आणि मधल्या सप्तकातील वाद्ये यांच्या नैसर्गिकतेसाठी हे दोन्ही हेडफोन आजही मापदंड मानले जातात. त्यांच्यात उणिवा दोन. अगदी खालचा खर्ज ते पुरेशा ताकदीने देत नाहीत आणि त्यांचे ध्वनिचित्र डोक्याच्या अवतीभवतीच आखडलेले राहते. त्यांच्या मालकाला पुढची पायरी चढावीशी वाटली की तीन मार्ग दिसतात. पहिला त्याच घराण्यातील एचडी ८०० एसचा. २०१६ मध्ये आलेल्या या हेडफोनची सुरुवातीची किंमत १,७०० डॉलर, म्हणजे आजच्या विनिमय दराने सुमारे दीड लाख रुपये होती. दुसरा मार्ग प्लेनर मॅग्नेटिक प्रकाराचा. यात चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेला पातळ पडदा कंप पावतो. तिसरा स्थिरविद्युत प्रकाराचा. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये तो प्रथम बाजारात आणला. त्याला उच्च विद्युतदाब पुरविणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो.

यांपैकी प्रत्येक मार्ग काही देतो आणि काही काढून घेतो. एचडी ८०० एसमध्ये ध्वनिचित्र प्रशस्त होते, वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्याची जागा स्पष्ट होते. मात्र मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्‌झच्या आसपास एक तीक्ष्ण उठाव होता. तो शमविण्यासाठी कंपनीला नव्या आवृत्तीत ध्वनिशोषक बसवावा लागला. प्लेनर प्रकारात खर्ज खोलवर सपाट उतरतो, परंतु यातील काही हेडफोन अर्ध्या किलोहून जड असतात. एचडी ६०० चे वजन त्याच्या सुमारे निम्मेच आहे. दोन तासांच्या मैफिलीनंतर मानेला जाणवणारा हा फरक कोणत्याही जाहिरातीत सांगितला जात नाही. स्थिरविद्युत प्रकारात स्वरांचा आरंभ आणि विराम विलक्षण स्वच्छ ऐकू येतो, पण त्यासाठी जुना ॲम्प्लिफायर बाजूला ठेवून सारा संचच नव्याने उभारावा लागतो. तात्पर्य, ही एकाच जिन्याची एकावर एक चढणारी पायरी नव्हे. ती वेगवेगळ्या दिशांना जाणारी वाट आहे.

किंमत आणि दर्जा यांचे नाते तर याहून सैल आहे. येरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तार सप्तकापर्यंतचे स्वर कोणत्या प्रमाणात ऐकविले जातात, याला तंत्रज्ञ फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. हा गुण आणि विक्रीची किंमत यांच्यात कोणताही संबंध आढळत नाही, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. किंमत वाढली म्हणून काहीच वाढत नाही, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. बांधणी, टिकाऊपणा, सुटे भाग, कानांवर बसण्यातील सुख यांनाही मोल आहे. परंतु नाद अधिक खरा होईल, या एकमेव आशेने जो दुप्पट पैसे मोजतो, त्याला किंमतपत्रिका मार्ग दाखवू शकत नाही. याचा पडताळा बाजारानेही दिला. ५०० डॉलरच्या आसपास विकला जाणारा एचडी ६५० हाच २०१६ च्या अखेरीस एचडी ६एक्सएक्स या नावाने, रंग बदलून, एका अमेरिकन विक्रेत्यामार्फत २०० डॉलरना मिळू लागला. नाद तोच राहिला. किमतीतून नाद वजा केला तर उरते काय, याचा तो जाहीर हिशेब होता.

मग श्रोत्यांना आवडते तरी काय? हार्मनमधील संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून याचा पद्धतशीर शोध घेतला. हेडफोन कोणता आहे हे श्रोत्यांना कळू न देता घेतलेल्या चाचण्यांत बहुसंख्यांची पसंती एका ठरावीक समतोलाकडे झुकते, असे त्यांना आढळले. चांगल्या खोलीत बसविलेल्या चांगल्या स्पीकरमधून जसा नाद कानी पडतो, त्याच्या जवळ जाणारा हा समतोल. हेडफोन विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतून हे संशोधन पुढे आले, ही बाब महत्त्वाची आहे. नाव, किंमत आणि देखणेपणा डोळ्यांआड झाला की कान वेगळाच कौल देतात, हा त्यातील धडा.

हेडफोनबरोबर इतर साखळीही बदलावी, असा सल्ला दुकानदार हमखास देतात. त्यातील तथ्य मर्यादित आहे. एचडी ६०० चा विद्युतरोध ३०० ओहम असल्याने त्याला पुरेसा व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर लागतो, हे खरे. मात्र ही गरज माफक किमतीच्या नीट बांधलेल्या यंत्रानेही भागते. एकदा ती भागली की पुढे ओतलेल्या प्रत्येक रुपयाला घटत्या उपयोगितेचा नियम लागू होतो. महागड्या तारांनी नाद सुधारतो, याचा भक्कम पुरावा श्रवणचाचण्यांतून पुढे आलेला नाही. सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाबद्दलही संयम बरा. मेयर आणि मोरन यांच्या २००७ च्या प्रयोगात ५५४ प्रयत्नांपैकी ४९.८ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढेच यश मिळते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर गेले. फरक असेलच तर तो इतका अल्प आहे. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस संगीत देऊ केल्याने सीडीच्या दर्जाचा नाद आता मासिक वर्गणीत मिळतो. त्यामुळे मूळ ध्वनीच्या बाबतीत पैसे खर्च करण्याचे कारण पूर्वीपेक्षा कमीच झाले आहे.

मराठी श्रोत्याच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांचे गाणे आज ऐकावयाचे तर ते ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरविलेले असते. त्या काळच्या तंत्राला तार सप्तकापलीकडचे सूक्ष्म नाद टिपता येत नव्हते. असे मुद्रण दीड लाखाच्या हेडफोनवर ऐकले तर खाँसाहेबांचा स्वर अधिक जवळ येत नाही. तबकडीची खरखर मात्र अधिक स्पष्ट होते. याउलट, अलीकडे काळजीपूर्वक ध्वनिमुद्रित केलेल्या मैफिलीत तानपुऱ्याच्या जव्हारीतून उमटणारे अंशस्वर, तबल्याच्या बायावरची घसीट यांना चांगला हेडफोन निश्चित न्याय देतो. ज्याच्या संग्रहात जुन्या तबकड्यांचाच भरणा आहे, त्याची आणि ज्याला ए. आर. रहमान यांच्या चित्रपटसंगीतातील खोल इलेक्ट्रॉनिक खर्ज हवा आहे, त्याची पुढची पायरी एक असूच शकत नाही.

घराचा विचारही येथे अपरिहार्य ठरतो. वर उल्लेखिलेले बहुतेक उंची हेडफोन खुल्या पाठीचे आहेत. नाद मोकळा यावा म्हणून त्यांची बाहेरची बाजू जाळीची असते. साहजिकच बाहेरचा गोंगाटही त्यातून आत येतो. मुंबई-पुण्यातील रस्त्यालगतच्या सदनिकेत, डोक्यावर पंखा फिरत असताना, ज्या सूक्ष्म तपशिलांसाठी पैसे मोजले तेच प्रथम बुडतात. मग श्रोता आवाज वाढवितो आणि येथे खरा धोका सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच ९० डेसिबल झाला की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. श्रवणतंतूंची हानी भरून येत नाही. पन्नाशीपर्यंत बहुतेकांच्या ऐकण्याची वरची सीमा २० किलोहर्ट्‌झवरून बरीच खाली आलेली असते. यात दिलासा एवढाच की पियानोच्या सर्वात वरच्या पट्टीचा मूळ स्वर ४,१८६ हर्ट्‌झचा असतो. म्हणजे संगीताचा गाभा याच्या खालीच आहे आणि तो जपलेल्या कानांना उतारवयातही नीट ऐकू येतो.

यावरून निवडीचा एक व्यवहार्य क्रम निघतो. आधी हाती असलेल्या हेडफोनची उणीव नेमक्या शब्दांत सांगता आली पाहिजे. ‘आणखी चांगला हवा’ ही उणीव नव्हे. खर्ज कमी पडतो, तार स्वर टोचतो, ध्वनिचित्र अरुंद वाटते, कान गरम होतात, या उणिवा होत. त्यानंतर स्वस्त उपाय. कानांवरच्या गाद्या झिजल्या की नाद बदलतो. त्या बदलल्याने पुष्कळदा जुना हेडफोन पूर्ववत होतो. खर्ज किंवा तार स्वरांचा समतोल इक्वलायझरच्या साहाय्याने विनामूल्य दुरुस्त करता येतो. एवढे करूनही उणीव उरलीच, तर ती भरून काढणारा हेडफोन शोधावा आणि तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या संग्रहातील संगीतावर ऐकून पाहावा. तुलना करताना दोन्हींचा आवाज समान ठेवणे अगत्याचे, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच अधिक चांगला भासतो. परदेशातून येणाऱ्या आप्तांकरवी वस्तू मागविण्यापूर्वी तिची हमी भारतात चालते की नाही, हेही तपासले पाहिजे.

हे सारे करून कोणी दीड लाखाचा हेडफोन घेतला तर त्यात गैर काही नाही. चांगल्या वस्तूची हौस ही संस्कृतीचीच खूण आहे. परंतु सध्याच्या बाजारात किंमत हा दर्जाचा पुरावा राहिलेला नाही. अशा वेळी ग्राहकाच्या हाती उरतो तो स्वतःच्या कानांचा निवाडा. हेडफोन बिघडला तर नवा आणता येतो, कानांना ती सोय नाही. म्हणूनच पुढची पायरी चढण्यापूर्वी आवाजाची पातळी दोन घरे खाली आणणे, हीच बहुतेक श्रोत्यांसाठी सर्वात किफायतशीर सुधारणा ठरेल.