जोडीनं अर्ज, निर्णय एकेकट्याचा : हिवाळ्यात कोपनहेगन-हेलसिंकी गाठायचं तर पैसे नेमके कुठे अडकतात?

बर्फ, दिव्यांच्या माळा, हातात कॉफीचा मग आणि खाली 'दोघांचं युरोप, तेही बजेटमध्ये' असं लिहिलेलं रील तुमच्याही फीडवर आलंच असेल. पॅरिस-स्वित्झर्लंडची दहा दिवसांची ग्रुप टूर आता जुनी झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली नोकरदार जोडपी, मैत्रिणी, निवृत्त आईला घेऊन निघालेल्या मुली आता एकच शहर धरून चार-पाच दिवसांचा बेत आखतात. त्यात कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो, हेलसिंकी ही नावं वारंवार येतात.

पण या सहलीतली खरी जोखीम थंडीची नाही. ती आहे, निर्णय कळायच्या आधी भराव्या लागणाऱ्या पैशांची.

हिवाळा खरंच स्वस्त असतो का?

अर्धं खरं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत या शहरांत पर्यटक कमी, म्हणून हॉटेलं उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतात. पण ख्रिसमस ते नववर्ष हा आठवडा महागडा. आपल्याकडे शाळेला नाताळची सुट्टी असते तीही नेमकी तेव्हाच. शिवाय २४ ते २६ डिसेंबरला तिथली बरीच दुकानं, संग्रहालयं बंद असतात. म्हणजे जास्त पैसे मोजून कमी शहर बघायला मिळतं.

दुसरा हिशोब उजेडाचा. डिसेंबरअखेर हेलसिंकीत सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनपर्यंत मावळतो. स्टॉकहोममध्ये दिवस साधारण ६ तासांचा, कोपनहेगनमध्ये ७, तर आइसलंडच्या रेक्याविकमध्ये जेमतेम ४ तासांचा. फेब्रुवारीअखेर हाच दिवस बराच मोठा होतो.

आणि नॉर्दर्न लाइट्स? ते बघायला लोक हेलसिंकीचं तिकीट काढतात, पण हेलसिंकी, स्टॉकहोम, कोपनहेगन त्यासाठी बरीच दक्षिणेला आहेत. तिथे ते क्वचित दिसतात. त्यासाठी फिनलंडचं रोव्हानिएमी, नॉर्वेचं ट्रॉम्सो अशी उत्तरेची गावं गाठावी लागतात. राजधान्यांपैकी फक्त रेक्याविकमध्ये बऱ्यापैकी संधी असते, तीही आभाळ मोकळं असेल तर.

थेट विमानाचं काय झालं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडिगोनं मुंबई-कोपनहेगन थेट सेवा सुरू केली तेव्हा मुंबई-ठाण्याच्या प्रवाशांना ही सोयच वाटली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये ती थांबलीसुद्धा. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे युरोपचे मार्ग लांबले आणि खर्चिक झाले. तेव्हा बेत आखताना मध्ये एक थांबा धरूनच चाला.

आता मुख्य विषय : व्हिसा

पाचही नॉर्डिक देश शेंगेन क्षेत्रात आहेत. एकूण २९ देश, व्हिसा एकच. ११ जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ८० वरून ९० युरो झालं. युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यानं हे माणशी ९ हजारांहून जास्त होतं. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही बंधनकारक आहे.

अर्ज नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख ८ हजार शेंगेन अर्ज झाले आणि १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे दर सात अर्जांमागे साधारण एक. नुसत्या शुल्कापोटी बुडालेली रक्कम शंभर कोटींच्या वर जाते.

दोघं एकत्र जाणार, मग व्हिसा एकालाच कसा?

कारण शेंगेनच्या नियमात 'जोडपं' असा अर्ज नसतो. तारखा, हॉटेल, विमान सगळं एक असलं तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा, ठसे वेगळे आणि निर्णयही वेगळा. अधिकारी मुख्यतः एकच प्रश्न विचारतो : ही व्यक्ती सहल संपल्यावर परत जाईल का?

पगारदार माणसाकडे उत्तर तयार असतं. पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र. अडचण येते ती सोबतच्या व्यक्तीची. गृहिणी, घरी क्लास घेणारी बाई, कॉलेज नुकतंच संपवलेला मुलगा, रोखीत धंदा करणारा दुकानदार. यांचं परतण्याचं कारण खरं असतं, फक्त ते कागदावर नसतं. सहलीपुरती खात्यात एकदम मोठी रक्कम आणून ठेवली तर मदत होण्याऐवजी शंकाच वाढते.

पत्नीचा खर्च पती करणार असेल तर तसं पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर हा दाखला आणखी महत्त्वाचा. लग्न झालेलं नसणं ही अडचण नाही, पण मग दोघांनी आपापला खर्च आणि आपापलं परतण्याचं कारण स्वतंत्र दाखवायला हवं.

नियम सोपे झालेत ना?

झालेत, पण कोणासाठी ते बघा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नवी सवलत आहे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमानं वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. म्हणजे जो आधीच दोनदा जाऊन आलाय, त्याचा रस्ता मोकळा. आयुष्यात पहिल्यांदा निघालेल्या डोंबिवलीकराला मात्र पहिली पायरी तितकीच उंच आहे. गरज त्याला जास्त, सवलत दुसऱ्याला.

मग पैसे कोणत्या क्रमानं खर्च करावेत?

- अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसही लागू शकतात.
- ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तो देश.
- व्हिसा येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या.
- 'एकालाच मिळाला तर काय?' हे पैसे भरण्याआधी दोघांनी ठरवा. टूर कंपनीकडून रद्द करण्याचे नियम लेखी घ्या.
- नकार आला तर पत्रात कारण असतं. अपील करता येतं किंवा नव्यानं अर्ज. ते कारण दूर न करता पुन्हा अर्ज केला तर शुल्क पुन्हा जाण्याचीच शक्यता जास्त.

महिन्याच्या हप्त्यातून दोन-तीन वर्षं साठवलेले पैसे असतात हे. एकाच्या पासपोर्टवर शिक्का आणि दुसऱ्याचा कोरा परत, ही वेळ आली तर बुकिंग रद्द करता यावं आणि नुकसान शुल्कापुरतंच राहावं, एवढी तयारी मात्र आपल्या हातात आहे.