पाणी कुठे द्यावे, किती द्यावे?

कारखान्यात फिटर, गाळ्यात वेल्डर, बांधकामावर सळया बांधणारे असे कष्टकरी बंधू आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पोलाद त्यांच्या रोजच्या हाताखालचे. पण तापवलेले पोलाद किती वेगाने थंड होते यावर त्याचा सारा स्वभाव ठरतो, हे त्यांना नीट समजावून सांगणारा सहसा कोणी भेटत नाही. म्हणून या सदरात आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. छिन्नीच्या पोलादात तो शेकडा ०.८ च्या आसपास असतो. हे पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि पाण्यात साखर विरघळावी तसा कार्बन त्यात विरघळतो. थंड होताना हा कार्बन कुठे जातो, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

लाल पोलाद राखेत पुरून हळूहळू थंड होऊ दिले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली मग मऊ लोखंड आणि कठीण कार्बाइड यांचे एकाआड एक थर दिसतात. याला पर्लाइट म्हणतात. अशा पोलादावर कानस चालते, ड्रिल चालते. उघड्या हवेत थंड केले तर हेच थर बारीक होतात आणि पोलाद जरा जास्त कठीण होते. पाण्यात बुडवले, तर मात्र कार्बनला निघायला सवडच मिळत नाही. तो अणूंच्या मधे अडकतो, मांडणी ताणली जाते. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती इतकी कठीण की कानस नुसती घसरते, आणि इतकी ठिसूळ की घावासरशी काचेसारखी तडकावी.

म्हणून जाणता कारागीर पाणी देऊन थांबत नाही. तो हत्यार घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलके तापवतो. पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. पिवळा सुमारे २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. छिन्नीला जांभळा रंग आला की ती थांबवायची. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. यात कुठला मंत्र नाही की गुप्त विद्या नाही. रंग ओळखता आला की ताप ओळखता येतो, आणि हे कोणालाही शिकता येते.

आता कामावर काय जपायचे ते पाहू. छिन्नीच्या फक्त धारेला पाणी द्यावे, घाव बसतो त्या डोक्याला कधीही नाही. कठीण डोक्याची कपची उडाली तर थेट डोळ्यात जाते. मऊ डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले, तर ग्राइंडरवर घासून सरळ करावे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

गाडीच्या पाट्यासारख्या जास्त कार्बनच्या पोलादाला वेल्डिंग केल्यावर, लवकर गार व्हावे म्हणून पाणी ओतू नये. आजूबाजूचा थंड धातू आधीच उष्णता ओढून घेत असतो. त्यात पाण्याची भर पडली की सांध्याशेजारी मार्टेन्साइट तयार होते आणि तडा जातो. आधी भाग तापवून घ्यावा, नंतर कोरड्या राखेत किंवा वाळूत सावकाश निवू द्यावा.

बांधकामावरच्या टीएमटी सळईतही हेच शास्त्र आहे. कारखान्यात लाल सळईवर पाण्याचा जोरदार मारा करून वरचे कवच कठीण करतात. आतला गाभा गरमच राहतो आणि त्याच्या उष्णतेने ते कवच चिवट होते. ही सळई वाकवायला सोपी जावी म्हणून गॅसने लाल केली, की तिथले कवच मऊ पडते आणि ताकद घटते. सळई थंडच वाकवावी. मुकादमाने गॅस लावायला सांगितला, तर त्याला हे कारण सांगावे. त्या घरात माणसे राहणार आहेत.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींनी हे वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. हाताला ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टींची कारणे त्यातून उलगडतील.