मोटार जळाली ती कोणामुळे?

दोन आठवडे काही लिहिलं नाही, सॉरी मंडळी. या शनिवारी गावी आलोय. गाव म्हणजे जळकोट, तुळजापूर तालुका, सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गच्या पुढे. (लातूर जिल्ह्यातलं जळकोट वेगळं. सगळे घोटाळा करतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.) आलोय ते तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, तोंड दाखवायला. कारण त्यांची बोअरची मोटार जळाली, आणि ती आम्ही बनवलेल्या डब्यामुळे जळाली.

डबा म्हणजे थ्री फेज मोटारीचा स्टार्टर. एक फेज गेली तर मोटार बंद करणे हे त्याचं मुख्य काम. गावाकडे फेज जाणं नवीन नाही. डीपीवरचा एक फ्यूज उडतो, मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते, वाइंडिंग तापतं आणि संपतं. म्हणूनच चाचणीसाठी पहिला डबा मी हौसेनं तात्यांकडे बसवला होता. फेज गेली, आणि डबा ढिम्म. तात्या फोनवर एवढंच म्हणाले, "तुझ्या डब्यानं मोटार खाल्ली की रे बाबा." पाइपासकट मोटार वर काढायची, नळदुर्गला रिवाइंडिंगला टाकायची, आणि तोवर पिकानं वाट बघायची. ऑफिसात याला 'फील्ड इश्यू' म्हणतात.

आता चूक कुठे होती ते सांगतो. थोडं तांत्रिक आहे, पण आजचं भांडण त्याच्यावरच आहे.

प्रत्येक फेजचा करंट आम्ही असा काढतो: नमुन्यांच्या वर्गांची सरासरी, वजा सरासरीचा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. फेज गेली की या दोन्ही संख्या जवळपास सारख्या होतात. सिंगल प्रिसिजनच्या गोलाकारणात वजाबाकी शून्याच्या किंचित खाली जाऊ शकते. ऋण संख्येचं वर्गमूळ म्हणजे 'नॅन', संख्याच नव्हे. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार नॅनशी केलेली लहान, मोठं, समान यातली कुठलीही तुलना खोटी ठरते. आमच्या कोडला हे चालणार होतं. कोड साधा होता: करंट किमान मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रिले चालू, नाहीतर बंद. नॅन आला तर अट खोटी, म्हणजे मोटार बंद. सुरक्षित.

पण हा कोड कंपाइलरच्या बॅकएंडमधून गेला. बॅकएंडनं विचार केला की इथे उडी कशाला, सशर्त मूव्ह वापरू. मग त्यानं काय केलं? आधी 'चालू' भरलं, आणि मग 'करंट मर्यादेइतका किंवा कमी असेल तर बंद' अशी सूचना काढली. म्हणजे अट उलटी केली. पूर्णांकांत हे बरोबर आहे, 'जास्त'च्या उलट 'कमी किंवा समान'च. दशांशात मात्र नाही. नॅनसाठी 'जास्त' खोटं आणि 'कमी किंवा समान'सुद्धा खोटं. त्यामुळे 'चालू' तसंच राहिलं आणि मोटार जळाली.

हे कळल्यावर मीटिंग झाली (होणारच). तिथे आलेले उपाय बघा: त्या व्हेरिएबलला व्होलाटाइल लावा. त्या फाइलपुरतं ऑप्टिमायझेशन बंद करा. अट दोनदा लिहा. नॅनची तपासणी आधी घाला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "कंपाइलरमध्ये आपण कशाला हात घालायचा?"

माझा राग या वाक्यावर आहे. अरे, तो बॅकएंड आपलाच आहे! चिप आपल्या ग्राहकाची, पोर्ट आपल्या टीमनं लिहिलेला, आणि चुकीचा नियमही आपल्याच माणसानं टाकलेला. तरी आपण त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीसारखं बघतो. व्होलाटाइल लावून एक फाइल गप्प बसते. बाकीच्या फाइली तोच कंपाइलर, त्याच नियमानं बनवतो. मी बायनरी उलगडून बघितली, तर त्याच फर्मवेअरमध्ये हीच उलटी अट आणखी चार ठिकाणी होती. नॅनची तपासणी चांगलीच, ती मी घातली. पण बरोबर लिहिलेला कोड चुकीचा भाषांतरित होतोय आणि आपण लेखकाला सांगतोय की तू जरा सावध लिही, हा कुठला न्याय?

दुरुस्ती केवढी होती? सशर्त मूव्हच्या नियमात एक भेद करायचा. पूर्णांक असेल तर अट खुशाल उलटवा. दशांश असेल तर अट तशीच ठेवा आणि दोन बाजूंची अदलाबदल करा: आधी 'बंद' भरा, मग 'जास्त असेल तर चालू'. तेही जमत नसेल तर मुकाट्यानं ब्रँच काढा. ओळी मोजून सहा, शिवाय एक टेस्ट.

हे काही माझं संशोधन नाही, जुनं ज्ञान आहे. जीसीसीमध्ये 'क्रम लागत नसेल तर'चा विचार करून अट उलटवणारं वेगळं फंक्शनच आहे. एआरएममध्ये दशांश तुलनेनंतर 'कमी किंवा समान' आणि 'कमी, समान किंवा नॅन' यांसाठी दोन वेगळे कंडिशन कोड आहेत. एसएच-४ मध्ये दशांशासाठी 'समान' आणि 'जास्त' एवढ्या दोनच तुलना आहेत. तिथे 'जास्त किंवा समान' हवं असेल तर 'कमी'ला उलटवणं स्वस्त पडतं, पण नॅनला चुकतं. म्हणून जीसीसी मुळात नॅन सांभाळणारा महाग मार्ग घेतो. नॅन येणारच नाहीत असं तुम्ही स्वतः सांगितलंत तरच स्वस्त मार्ग. (आम्ही तसं काही सांगितलेलं नव्हतं, मी तीनदा तपासलं.)

आणि हे काम आपल्याकडे होत नाही असंही म्हणू नका. याच एसएच आणि एच८ चिप्ससाठी जीएनयूची टूल्स २००० च्या दशकात पुण्यात, केपीआयटी कमिन्समध्ये बांधून जगभर मोफत दिली जात होती. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकरांच्या गटानं जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, जीसीसी आतून कसा असतो यावर कार्यशाळा घेतल्या. २०१२ मध्ये सीआर१६ प्रोसेसरचा पोर्ट जीसीसीत आला, त्याच्या फाइलींच्या डोक्यावर केपीआयटीचं नाव होतं. तो २०२२ च्या बाराव्या आवृत्तीत कालबाह्य ठरला आणि २०२३ च्या तेराव्या आवृत्तीतून काढला गेला. चिप्स जुन्या होतात, त्यात कुणा एकाचा दोष नाही. पण बॅकएंड एकदा लिहून संपत नाही, त्याला सांभाळणारा माणूस लागतो. आपल्या अप्रेझलमध्ये त्या माणसासाठी रकाना आहे का? नवीन फीचरला टाळ्या, आणि सहा ओळींच्या दुरुस्तीला "एवढे नऊ दिवस काय केलंस?"

विरुद्ध बाजूचं एक मान्य करतो. "कंपाइलरचा बग आहे" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या स्वतःच्याच कोडमध्ये घाण असते. माझ्याही असायची. डिलिव्हरी उद्या असेल तर आज पळवाट काढावी लागते, तेही खरं. काढा. पण तिच्या शेजारी बगचा नंबर लिहा, आणि सोमवारी बॅकएंड उघडा. तुमचा कोड दहा ओळींवर आणा, असेंब्ली वाचा, प्रत्येक शर्तीची सूचना बोटानं तपासा. चूक तुमची निघाली तर काहीतरी शिकलात. कंपाइलरची निघाली तर टेस्टसकट दुरुस्त करा, म्हणजे तीच चूक दुसऱ्याच्या विहिरीवर जाणार नाही.

माझा पॅच आत गेला. रिवाइंडिंगचे पैसे मी दिले, तात्यांनी नको म्हणत घेतले. आज दुपारी नवीन डबा बसवला आणि मुद्दाम एका फेजचा फ्यूज काढला. रिले टक्कन पडला. तात्या म्हणाले, "परत काढ." पाच वेळा काढायला लावला.

असो. उद्या रात्रीच्या बसनं पुणे. तुमच्या ऑफिसातल्या अशा पळवाटा जरूर कळवा, नावं नकोत.