सक्तमजुरीत मजुरी किती?

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आमच्या वर्गातले बाक रिकामे होतात. घेतलेली 'उचल' फिटेपर्यंत परतायचे नाही, हा तिथला न लिहिलेला नियम. 2021 मध्ये मोखाड्यातील एका कातकरी मजुराच्या मृत्यूनंतर, अवघ्या 500 रुपयांच्या उसनवारीपोटी त्याला राबवल्याची तक्रार होऊन वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला. संविधानाच्या कलम 23 ने वेठ बंद केली आहे. तेच कलम तुरुंगाच्या भिंतीआडही लागू होते, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे.

1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून त्याच्या मर्जीविरुद्धही काम घेता येईल, पण त्याला वाजवी मोबदला द्यावाच लागेल. महाराष्ट्रात 2023 च्या वाढीनंतर हा मोबदला अकुशल कैद्याला दिवसाला 53 रुपये आणि कुशल कैद्याला 74 रुपये झाला. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीचा दर 273 रुपये होता. कैद्याचे जेवण-कपडे सरकार करते, हे खरे. तो खर्च वजा धरला तरी एवढी तफावत कशी, असा हिशेब कोणी मागत नाही. आणि त्या 53 रुपयांवर बाहेर बायकापोरे डोळे लावून बसलेली असतात.

शिस्त हवीच, वर्ग सांभाळणाऱ्या आम्हाला ते कोणी शिकवायला नको. पण 1894 च्या इंग्रजी कारागृह कायद्यात नियम मोडणाऱ्याला अधिक जाचक काम लावणे हीच एक शिक्षा ठरवली होती. काम म्हणजे सुधारणा की दंड, हा घोळ तिथूनच आला. त्यात भर जातीची. झाडू कोणी मारायचा, चुलीपाशी कोण, हे अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जन्मावरून ठरत होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला.

आता आपल्या मोहल्ल्यांचा प्रश्न. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. त्यांच्यात मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे, आदिवासींचेही. जामीन मिळतो, पण जामीनदार मिळत नाही! मोखाड्याहून ठाण्याच्या कारागृहापर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर. एका मुलाखतीला जायचे तर रोज बुडतो, एसटीचे भाडे वेगळे. मग नातेवाईक जाणेच सोडतात, आणि आत काय काम लावले आहे हे विचारणाराच उरत नाही.

कच्च्या कैद्याला त्याच्या मर्जीशिवाय मजुरी लावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिलाच गुन्हा असेल आणि त्याला फाशी वा जन्मठेप नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेल्याला जामिनावर सोडायचे असते. मात्र एकाहून जास्त खटले असतील तर ही सवलत नाही. ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी पुढच्या मुलाखतीत तीन गोष्टी विचाराव्यात: काम कोणते, मजुरी खात्यात जमा होते का, अटकेची तारीख कोणती. ती तारीख घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथला वकील मोफत असतो.