कृशतेची उपासना आणि बॅटरीचा बळी

गेल्या कांहीं वर्षांत मोबाईल फोनच्या जाहिरातींनीं एक नवाच मापदंड रूढ केला आहे. फोन किती वर्षें टिकेल, एका दमांत किती तास चालेल, बिघडल्यास किती रुपयांत दुरुस्त होईल, हे प्रश्न मागें सारून तो किती मिलिमीटर जाड आहे, हीच त्याच्या योग्यतेची कसोटी ठरूं पाहत आहे. मे २०२५ मध्यें सॅमसंग कंपनीनें ५.८ मिलिमीटर जाडीचा ‘गॅलेक्सी एस २५ एज’ बाजारांत आणला. चार महिने होतात न होतात तोंच अ‍ॅपल कंपनीनें ५.६ मिलिमीटरचा ‘आयफोन एअर’ पुढें केला. दोन दशांश मिलिमीटरांच्या या विजयाचें कौतुक ज्या उत्साहानें झालें, तो पाहून कुस्तीच्या फडाची आठवण व्हावी. फरक इतकाच कीं, फडांत पुष्ट मल्लाची वाहवा होते. येथें जो सर्वांत अधिक रोडावला त्याला मानाचें कडें मिळतें.

या स्पर्धेंत हरते ती बॅटरी, आणि बॅटरीमागून हरतें तें पदरमोड करून फोन विकत घेणारें कुटुंब. या दुसऱ्या पराभवाकडे आमच्याकडील परीक्षक-मंडळींचें लक्ष जात नाहीं, म्हणून हा लेख लिहिणें आम्हांस भाग पडलें.

प्रथम साधें गणित पाहूं. फोनच्या जाडींत पडदा, त्यावरील कांच, पाठीची कांच व धातूची चौकट यांचा वांटा ठरलेला असतो. तो फारसा घटवितां येत नाहीं. समजा, हा ठरलेला वांटा चार मिलिमीटर आहे. मग आठ मिलिमीटरच्या फोनांत बॅटरीला चार मिलिमीटर मिळतात आणि सहा मिलिमीटरच्या फोनांत दोन. फोनची जाडी चतुर्थांशानें उतरली, बॅटरीची जागा मात्र निम्म्यावर आली! ज्यांनीं घरखर्चाचा मेळ बसविला आहे त्यांना हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मिळकत घटली म्हणून घरभाडें घटत नाहीं. कात्री लागते ती दूधभाजीलाच. सॅमसंगच्याच त्या वर्षींच्या ८.२ मिलिमीटर जाडीच्या ‘अल्ट्रा’ फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची होती. ‘एज’च्या वांट्याला ३,९०० आले. ‘आयफोन एअर’ला तर अवघे ३,१४९ पुरे मानावे लागले.

यावर कोणी म्हणेल, “संध्याकाळीं एकदां जास्त चार्ज केलें कीं झालें!” गोष्ट इतकी स्वस्त नाहीं. लिथियम-आयन बॅटरी ही दिव्यांतल्या तेलासारखी नव्हे, कीं संपलें तर ओतावें आणि दिवा पूर्वीसारखाच जळावा. प्रत्येक भरण्या-रितें होण्याबरोबर तिच्या अंतरंगांतील कांहीं लिथियम कायमचें अडकून पडतें आणि तिची धारणाशक्ति कणाकणानें उतरते. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असा निर्बंध घातला आहे कीं, ८०० पूर्ण आवर्तनांनंतरहि फोनच्या बॅटरीची मूळची ८० टक्के शक्ति शिल्लक असली पाहिजे. हाच आंकडा हातीं घेऊन हिशेब करूं. एखाद्या माणसाचा रोजचा खप ३,००० मिलिअँपिअर-तास आहे असें धरलें, तर ३,१४९ च्या बॅटरीचीं ८०० आवर्तनें सुमारें ८४० दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास पुरीं होतात. तोच खप ५,००० च्या बॅटरीवर टाकला तर १,३३३ दिवस लागतात. म्हणजे साडेतीन वर्षें उलटून गेलेलीं असतात. लहान बॅटरी रोज लवकर दमते एवढेंच नव्हे, ती म्हातारीहि लवकर होते. कृश फोन घेणारा गृहस्थ दोन्हीं बाजूंनीं नागविला जातो, आणि जाहिरातींत यांतील पहिली बाजूहि धडपणें सांगितलेली नसते.

‘आयफोन एअर’च्या जाहिरातींत २७ तास चित्रफीत चालेल असें आश्वासन आहे. असेल. परंतु २७ तास घरांत स्वस्थ बसून चित्रफीत पाहण्यासाठीं कोणी फोन बाळगीत नाहीं. तो उन्हांतून, गाडीच्या गर्दींतून, कमजोर लहरींच्या गांवांतून हिंडविला जातो आणि लहरींचा शोध घेतां घेतांच त्याचा अर्धा जीव जातो.

या कारखानदारांचा सर्वांत आवडता बचाव असा कीं, ग्राहकालाच कृशता हवी आहे. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. कोणताहि ग्राहक दुकानाबाहेर पडण्यापूर्वीं काय करतो तें पाहावें. तो त्या कृश फोनावर दीड-दोन मिलिमीटरचें रबरी आवरण चढवितो! जी जाडी कारखानदारानें बॅटरींतून काढून घेतली, ती ग्राहक रबराच्या रूपानें स्वखर्चानें परत आणतो. शिवाय कॅमेऱ्याचा उंचवटा फोनच्या पाठीवर आवाळवासारखा उभा असतोच, जाहिरातींतील ५.६ चा आंकडा तो वगळून मोजलेला आहे. आणि यावर कळस म्हणजे, याच ‘एअर’साठीं अ‍ॅपलनें पाठीला चिकटविण्याची वेगळी बॅटरी विक्रीस ठेवली. ती उघडून पाहणाऱ्यांस आढळलें कीं, आंतील घट फोनांतल्या घटासारखाच आहे. म्हणजे पोटांतून काढलेलें अन्न गाठोड्यांत बांधून पाठीवर दिलें, आणि गाठोड्याचे पैसे निराळे घेतले.

ग्राहकाला खरोखर काय हवें आहे, हें या कंपन्यांना ठाऊक नाहीं असें नव्हे. ‘एअर’ ज्या दिवशीं जाहीर झाला त्याच दिवशीं अ‍ॅपलनें ‘आयफोन १७ प्रो’ हा आपला अधिक किंमतीचा फोनहि जाहीर केला. तो आदल्या वर्षींच्या ८.२५ मिलिमीटरवरून ८.७५ मिलिमीटर जाड झाला आणि बॅटरीला जास्त जागा मिळाली. ज्याच्यावर कंपनीची खरी भिस्त, तो फोन तिनें धष्टपुष्ट केला. मग कृशतेचें स्तोत्र कोणासाठीं?

दुसरा बचाव अधिक शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याचा समाचार थोडा विस्तारानें घेतला पाहिजे. म्हणतात, बॅटरी बदलतां येईल अशी ठेवली तर फोनांत पाणी शिरेल. म्हणून ती डिंकानें चिकटवून आंत कायमची कोंडावी लागते. सीलबंद रचनेनें जागेची बचत होते व पाण्यापासून रक्षण सोपें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ‘सोपें होतें’ आणि ‘त्यावांचून अशक्य आहे’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. सॅमसंगच्याच २०१४ मधील ‘गॅलेक्सी एस ५’चें मागचें झांकण नखानें उघडत असे, बॅटरी हातानें काढतां येत असे, आणि तरीहि तो फोन मीटरभर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशा प्रतीचा होता. दहा वर्षांनीं, २०२४ मध्यें, त्याच कंपनीनें भारतांत ‘एक्सकव्हर ७’ आणला. त्याचीहि बॅटरी काढतां येते आणि पाण्यापासूनचें रक्षण ‘एस ५’हूनहि वरच्या प्रतीचें आहे. मात्र तो मुख्यतः कारखान्यांसाठीं व मोठ्या आस्थापनांसाठीं! हजार फोन एकदम घेणारा व्यवहारी गिऱ्हाईक बॅटरी बदलण्याची सोय मागून घेतो. एकएकटा घेणाऱ्या मध्यमवर्गीयास ती सोय म्हणजे शास्त्रविरुद्ध आहे असें सांगण्यांत येतें.

जागेची ही ओढाताण किती जिवावर बेतूं शकते, याचा दाखला २०१६ मध्यें ‘गॅलेक्सी नोट ७’नें दिला. ऑगस्टमध्यें विक्रीस आलेले ते फोन पेट घेऊं लागले, परत मागवून बदलून दिलेलेहि पेटले, आणि ऑक्टोबरांत उत्पादनच बंद करावें लागलें. जानेवारी २०१७ मध्यें कंपनीनें स्वतःच कारणें प्रसिद्ध केलीं. एका पुरवठादाराच्या घटांत वरच्या कोपऱ्याशीं पुरेशी जागा नसल्यामुळें ऋण विद्युदग्र वांकलें होतें, दुसऱ्याच्या घटांत जोडकामाचे दोष होते. पहिल्या कारणाचा अर्थ सरळ आहे: घटाला अंग हलवायला जागा नव्हती.

याहून कमी धगीचा, पण आमच्या मतें अधिक बोधप्रद प्रकार डिसेंबर २०१७ मधला. बॅटरी जुनी झालेले आयफोन एकाएकीं बंद पडूं नयेत म्हणून अ‍ॅपलनें आज्ञावलीच्या द्वारें त्यांचा वेग परस्पर कमी केला होता, हें त्या महिन्यांत कंपनीनें कबूल केलें. उपायांत तांत्रिक तथ्य होतें. पाप होतें तें न सांगण्यांत. आपला फोन मंद झाला तो बॅटरीमुळें, आणि नवी बॅटरी घातल्यास तो पूर्ववत् होईल, हें न कळल्यामुळें कित्येकांनीं नवा फोन घेतला असेल! बोभाटा झाल्यावर अमेरिकेंत बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आली, आणि २०२० मध्यें फ्रान्सनें कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. २९ डॉलरांत जें काम करणें शक्य होतें त्याला आदल्या महिन्यापर्यंत ७९ कां पडत होते, याचें उत्तर आम्हांस कोठें वाचावयास मिळालें नाहीं.

आतां सिलिकॉन-कार्बनच्या नव्या बॅटऱ्यांविषयीं. चिनी कंपन्यांनीं या बाबतींत खरोखरच मजल मारली आहे हें निर्मळ मनानें कबूल केलें पाहिजे. ऋण विद्युदग्रांत जें ग्राफाइट वापरतात तें दर ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तासांहून अधिक सांठवूं शकत नाहीं; सिलिकॉन त्याच्या सुमारें दहापट सांठवितें. अडचण अशी कीं, लिथियम पोटांत घेतांना सिलिकॉन तिपटी-चौपटीनें फुगतें आणि त्या फुगण्या-आकसण्यानें त्याचा भुगा होतो. म्हणून कार्बनच्या जाळ्यांत त्याचें थोडें प्रमाण बसवितात. २०२५ मधील ‘वनप्लस १५’ची बॅटरी ७,३०० मिलिअँपिअर-तासांची आहे, ती या युक्तीमुळें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मोठी बॅटरी म्हणजे दीर्घायुषी बॅटरी नव्हे. फुगणाऱ्या द्रव्याची चारपांच वर्षांनंतरची प्रकृति लेखी हमीवांचून कोणी गृहीत धरूं नये. दुसरी भीति याहून मोठी आहे. या शोधानें जी जागा मोकळी होईल ती ग्राहकाच्या पदरांत पडेल, कीं पुन्हां अर्धा मिलिमीटर कापण्यांत खर्ची पडेल? आजवरचा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे.

आमच्या देशापुरता आणखी एक मुद्दा आहे. अ‍ॅपलच्या सूचनांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ३५ अंशांहून अधिक उष्ण हवेंत बॅटरीच्या शक्तीची कायमची हानि होऊं शकते. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांस हें वाक्य विनोदी वाटेल. तेथें वैशाखांत पारा ४५ च्या घरांत जातो आणि ३५ म्हणजे गारवा समजतात. अशा हवेंत कृश फोन, त्याची इवली बॅटरी, ती दिवसांतून दोनदां भरणें, आणि भरतांना पुन्हां उष्णता! ज्या लोकांस टिकाऊ व बदलतां येणाऱ्या बॅटरीची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच गळ्यांत थंड देशांच्या दिवाणखान्यांसाठीं घडविलेली वस्तु बांधली जात आहे.

पूर्वींची स्थिति अशी नव्हती. २००३ मध्यें आलेला नोकियाचा ‘११००’ आमच्या खेड्यापाड्यांत घरोघर होता. भारनियमनाच्या रात्रीं त्याचा दिवा कामीं येई, आणि त्याची ‘बीएल-५सी’ बॅटरी दमली तर तालुक्याच्या दुकानांतून दुसरी आणून घरच्या घरीं बसवितां येत असे. तो फोन आजच्या फोनाची बरोबरी करूं शकत नव्हता हें उघड आहे. परंतु तो बंद पडला तर फार तर एक निरोप राहून जाई. २०१६ मध्यें यूपीआय आल्यापासून पेढी, आगगाडीचें तिकीट, सरकारी दाखले, सर्व या एकाच यंत्रांत येऊन बसलें आहे. आज तो बंद पडला तर भाजीवाल्यापुढें माणूस निर्धन उभा राहतो. ज्या वस्तूवर संसार टांगला, तिचें आयुष्य कारखानदाराच्या डिंकावर अवलंबून ठेवणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

युरोपनें १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख मुक्रर केली आहे. तेव्हांपासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढतां आली पाहिजे. मात्र फोनांसाठीं एक पळवाट ठेवली आहे: १,००० आवर्तनांनंतर ८० टक्के शक्ति राखणाऱ्या व पाण्यांत टिकणाऱ्या फोनाला ही अट लागू होत नाहीं. ही पळवाट आम्हांस पसंत नाहीं; तरीहि तींतून निसटण्यासाठीं कारखानदारास बॅटरी अधिक टिकाऊ करावी लागेल, हेंहि थोडें नव्हे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं सरकारी संकेतस्थळ निघालें, २०२४ मध्यें दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासाठीं समिती बसली, आणि २०२५ मध्यें तिनें अहवालहि दिला.

समित्यांच्या अहवालांचें भवितव्य काय होतें तें आमचे वाचक जाणतात, म्हणून त्यावर विसंबून न राहतां आमची मागणी आम्ही येथेंच मांडून ठेवतों. फोनच्या खोक्यावर, जेथें कॅमेऱ्याचे आंकडे ठळक अक्षरांत असतात त्याच जागीं, तीन गोष्टी मराठींत छापल्या जाव्यात: बॅटरी किती आवर्तनांनंतर ८० टक्क्यांवर येते, नव्या बॅटरीची मजुरीसह किंमत काय, आणि ती किती वर्षें मिळत राहील. यांत कोणत्याहि कंपनीचें गुपित फुटत नाहीं. हे आंकडे त्यांच्या दप्तरीं तयारच असतात. आणि जीं नियतकालिकें नव्या फोनांचीं परीक्षणें छापतात, त्यांनीं हे तीन आंकडे मिळेपर्यंत मिलिमीटरांचें कौतुक छापूं नये.