मावळच्या पावसातील लोखंडी कुंपण

लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असल्या हवेत भातखाचरास नुसते रंगविलेले लोखंडी कुंपण व फाटक करणे ही काटकसर नव्हे. रंगास ओरखडा पडला की गंज आत शिरतो. जस्ताचा मुलामा मात्र स्वतः झिजून उघड्या पडलेल्या लोखंडाचे रक्षण करतो. म्हणून तारेच्या चकाकीवर न जाता (नवी तार सारीच चकाकते) मुलाम्याचे वजन विचारावे व आयएस ४८२६ हे प्रमाण पावतीवर लिहून घ्यावे. फाटकाच्या वेल्डिंगपाशी मुलामा जळतो. तेथे जस्तयुक्त रंग लावावा. खांब प्रथम गंजतो तो जमिनीलगत. त्याभोवतीचे काँक्रीट जमिनीहून उंच व उतरते ठेवावे. रानडुकरांस एक सैल फाटक पुरते, तेव्हा बिजागऱ्यांस व कडीकोयंड्यास मृगापूर्वीच तेल द्यावे.