शेवंतीची चुगली

माणसे मनातले लपवितात. कथेतल्या वस्तू मात्र चुगली करतात. जॉन स्टाइनबेकच्या १९३७ सालच्या ‘द क्रिसॅन्थिमम्स’ या कथेत एलिसा शेवंती फुलविते. भांडी सांधणारा एक फिरस्ता फुलांची चौकशी करतो. ती हरखून त्याला कुंडीत रोपे लावून देते. पुढे नवऱ्याबरोबर गावात जाताना तीच रोपे रस्त्यात फेकलेली दिसतात. कुंडी तेवढी त्याने ठेवून घेतलेली! आपली कुणी कदर करावी, हे एलिसा तोंडाने बोलत नाही; लेखक ते शेवंतीकडून वदवून घेतो.

पुस्तक मिटून मी गॅलरीत गेलो. आमच्या सौ. कुंड्यांना पाणी घालीत होत्या. वीस वर्षांत प्रथमच मी विचारले, “ही शेवंती कधी लावलीस ग?”

झारी तशीच हातात धरून त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.